उन्हातली कड्यावरची वाट

निळाई

स्वच्छ ऊन पडलंय, वारा आहे पण अंगावर येणारा नाही, समोर समुद्राच्या कडेकडेने कड्यावरून जाणारी पायवाट आहे आणि अख्खा दिवस मोकळा आहे. असं जुळून आलं की मला दुसरं काहीही नको असतं. डोंगरातल्या ट्रेकपेक्षा हा प्रकार मला जास्त जवळचा वाटतो, आणि का वाटतो ते बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय, तुमचंही ऐकायचंय.

डोंगराला माथा असतो आणि सगळा जीव तिथे पोचण्यात अडकलेला असतो. कड्यावरच्या वाटेला माथाच नाही. एका अंगाला गवत आणि झुडपं, दुसऱ्या अंगाला एकदम मोकळं, आणि वाट आपली समुद्रात घुसलेल्या एका टोकावर चढते, पलीकडे घळीत उतरते, ओहोळ ओलांडते, परत पुढच्या टोकावर चढते. कुठूनही मागे फिरलात तरी काही राहून गेलं असं वाटत नाही, कारण प्रत्येक टोकावरून समुद्र वेगळाच दिसतो.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. बहुतेक लोक कडेशी जातात, वाकून खाली बघतात, फोटो काढतात आणि निघतात. पण वाकून कडा दिसतच नाही हो! पाणी दिसतं आणि पायापुढचं गवत दिसतं, बस. आपण ज्याच्यावर उभे होतो तो कडा बघायचा असेल तर पुढच्या टोकापर्यंत चालत जायचं आणि तिथून मागे वळायचं. मग दिसतात थर, भेगा, खाली लाटांनी कोरलेल्या गुहा, आणि मगाशी आपण जिथे उभं राहून पाणी प्यायलो ती जागा खालून किती पोकळ आहे ते. ढगाळ दिवशी हे सगळं करडं, एकसलग दिसतं. ऊन तिरपं पडलेलं असलं की प्रत्येक थराखाली सावलीची रेघ उमटते आणि कडा वाचता येतो.

अजून एक. समोरच्या टोकाच्या पायथ्याकडे नीट बघितलं (छोटी दुर्बीण असेल तर उत्तमच) तर बऱ्याच खडकाळ किनाऱ्यांवर रंगाचे आडवे पट्टे दिसतात. लाटा जिथवर येतात त्याच्या लगेच वर काळपट, त्यावर केशरी-पिवळा, त्याच्याही वर राखाडी. हा रंग दगडाचा नसतो, दगडफुलांचा असतो, आणि कुठलं दगडफूल कुठे वाढणार हे खारं पाणी किती वेळा आणि किती वर उडतं त्यावर ठरतं. म्हणजे वादळात लाटा साधारण कुठवर चढतात हे एखाद्या शांत निळ्या दिवशी त्या पट्ट्यांवरून लक्षात येतं. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हापासून मी दर टोकावर आधी पट्टे शोधते.

तुम्ही अशा वाटांवर काय बघता, कसे चालता, काय सांभाळता ते लिहा.

पायपीट

मस्त लिहिलंय. माथा नसतो हे अगदी पटलं, पण त्याच्यामुळेच लोकांचा वेळेचा अंदाज चुकतो. नकाशावर वाट सपाट वाटते, समुद्राच्या कडेने तर जायचंय, त्यात चढ कसला. आणि प्रत्यक्षात प्रत्येक ओहोळाला पार खाली उतरायचं आणि परत तेवढंच वर यायचं, असं दिवसभर. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा दिला होता तो अजूनही चालतो: सपाटीला तासाला ५ किमी धरा आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा धरा. कड्यावरच्या वाटेवर तो जादाचा भागच जास्त भरतो. इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यावरची साउथ वेस्ट कोस्ट पाथ १,००० किमीपेक्षा थोडी जास्त आहे, आणि तिचे सगळे चढ एकावर एक ठेवले तर बेरीज एव्हरेस्टच्या उंचीच्या जवळपास चौपट होते. एव्हरेस्टच्या! समुद्रसपाटीच्या वाटेवर!!

आणि हा ठोकताळा न थांबता चालणाऱ्याचा आहे. तुम्ही सांगताय तसं दर टोकावर वळून बघायचं, पट्टे शोधायचे तर मी सरळ दीडपट वेळ धरतो. छान ऊन असलेल्या दिवशी घाईघाईत चालून ते फुकट घालवण्यापेक्षा अर्धीच वाट करावी.

रानजाई

+१ अर्धी वाट.

भूगोलवेडा

निळाई, "खालून किती पोकळ आहे" यावर थोडं लिहितो, माझा आवडता विषय आहे.

लाटा कड्याला सगळीकडे सारख्या मारत नाहीत. मार बसतो तो भरतीच्या पातळीला, पायथ्याशी. तिथे खाच पडते, ती आत आत जाते, आणि वरचा भाग टेबलाच्या कडेबाहेर सरकवत नेलेल्या पुस्तकासारखा पुढे येत राहतो. एका क्षणी वजन पेलत नाही आणि वरचा भाग कोसळतो. पडलेला ढिगारा काही काळ पायथ्याचं रक्षण करतो, लाटा तो फोडून वाहून नेतात, मग परत खाच सुरू. कडा मागे मागे सरकतो आणि त्याच्या जागी खाली खडकाचा सपाट चबुतरा उरतो, ओहोटीला दिसतो तो. शाळेच्या भूगोलात तरंगघर्षित चबुतरा म्हणून चित्र असायचं, आठवत असेल.

टोक म्हणजे समुद्रात घुसलेला भाग. तिथे लाटा वळून दोन्ही बाजूंनी मारा करतात कारण टोकाभोवतीच्या उथळ पाण्यात लाटांचा वेग कमी होतो आणि त्या टोकाकडे वाकतात. म्हणून गुहा टोकाला पडतात. गुहा आरपार गेली की कमान, कमानीचं छत पडलं की एकटा सुळका. हे एका रांगेत सगळ्या अवस्थांत दिसणारे किनारे आहेत, आणि ते दिसतात अर्थातच पुढच्या टोकावरून.

बाकी दगड कुठला आहे त्यावर सगळं अवलंबून. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे ते पांढरे कडे, सेव्हन सिस्टर्स, बीची हेड (१६२ मीटर), हे चॉकचे आहेत. सूक्ष्म शेवाळांच्या अंगावरच्या चुन्याच्या चकत्या समुद्रतळाशी साचून तो दगड झाला, साधारण १० कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी. मऊ दगड, झटपट झिजतो, म्हणून कडा इतका उभा आणि इतका पांढरा राहतो. झिजणं थांबलं तर त्याच्यावर गवत वाढेल आणि तो हिरवा उतार होऊन बसेल. म्हणजे जो पांढरा रंग बघायला लोक येतात तो कडा अधूनमधून कोसळतो म्हणूनच आहे. आयर्लंडचे मोहरचे कडे वाळूखडक आणि शेल (चिखलाचा दगड) यांचे, २१४ मीटरपर्यंत जातात, तिथे थर मोजता येतील इतके स्पष्ट. ग्रॅनाइट किंवा बेसॉल्टचा कडा तुमच्या आयुष्यात हलेल न हलेल, पण त्याच्यावरची मातीची साय हलतेच.

निळाई

भूगोलवेडा, हे सोनं आहे. पांढरं राहण्याचं कारण मला माहीत नव्हतं.

सडाफटिंग

सगळं छान आहे पण मला एक कळत नाही, तुम्ही लोक एवढे लांब लांब का उभे राहता? कड्यावर जायचं आणि कडेला पाय सोडून बसायचं नाही तर मग बागेत फिरायला काय वाईट आहे? खालून वर येणारा वारा तोंडावर घ्यायचा, पायाखाली लाटा फुटताना बघायच्या, हाच तर खरा अनुभव. हजारो लोक बसतात, मीही बसतो, दगड पक्का आहे का ते पायाने ठोकून बघायचं आणि बसायचं.

भूगोलवेडा

सडाफटिंग, वाऱ्याची मजा मला पूर्ण कळते, भांडत नाहीये. पण ठोकून जे कळतं ते वरच्या वीतभराचं कळतं, खाच असते तीस-चाळीस मीटर खाली. आणि पडताना कडा सूचना देतोच असं नाही. मोठमोठ्या, नकाशावर नाव असलेल्या गोष्टी अशा गेल्यात. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर लंडन ब्रिज नावाची दुहेरी कमान होती, जानेवारी १९९० मध्ये तिचा जमिनीकडचा भाग पडला तेव्हा दोघंजण पुढच्या भागावर अडकले होते, त्यांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. त्याच किनाऱ्यावर ट्वेल्व्ह अपॉसल्समधला एक सुळका जुलै २००५ मध्ये कोसळला. माल्टाच्या गोझो बेटावरची अझूर विंडो मार्च २०१७ मध्ये वादळात गेली. ही रोज शेकडो लोक बघत असलेली ठिकाणं होती.

हजारो लोक बसतात हे खरंय, पण ते तिथे बसून गेले याचा अर्थ एवढाच की त्या दिवशी तो पडला नाही. आणि तुम्ही त्यात अजून एका माणसाचं वजन घालताय.

सडाफटिंग

बरं मग किती लांब? एखादा आकडा सांगा ना. नुसतं लांब राहा म्हटलं की प्रत्येकजण आपल्या सोयीने ठरवतो.

भूगोलवेडा

सगळीकडे लागू होणारा आकडा नाही देता येत, दगडावर ठरतं. मी काय बघतो ते सांगतो. कडेला समांतर जाणारी भेग दिसली, कितीही बारीक असो, तर तिच्या समुद्राकडच्या बाजूला पाऊलच टाकायचं नाही. गवतात लांबट खळगा दिसला, कुंपणाचे खांब समुद्राकडे कललेले दिसले, वाट अचानक आत वळवलेली दिसली तर ते सगळं जमीन सरकत असल्याचं लक्षण. चॉक किंवा मातीचा कडा असेल तर खूप पावसाच्या दिवसांनंतर जास्तच जपायचं, कारण भेगांत पाणी भरलं की वजन वाढतं आणि आतून दाब येतो. पण छान कोरड्या उन्हातही पडतात, म्हणून आज ऊन आहे हे कारण चालत नाही. आणि सगळ्यात खात्रीचं ते निळाईंनी वर सांगितलंच आहे, पुढच्या टोकावरून आधी बघा. तिथून जी जागा भरीव दिसली तिथे परतीच्या वाटेवर बसा, वाटेच्या आतल्या बाजूला.

पायपीट

बसायला अजून एक चांगली जागा म्हणजे घळीच्या उतारावर, जिथे वाट आत शिरते तिथे. समोर दोन्ही टोकांमधून समुद्राचा तुकडा दिसतो, वारा कमी, आणि कडा तुमच्या खाली नसून समोर असतो.

सडाफटिंग

हे पटण्यासारखं आहे. परतीला बसायची आयडिया डोक्यात नव्हती आली, पुढच्या वेळी करून बघतो. वारा मात्र लागतोच मला, तो कुठे मिळेल तेही सांगा :)

पंखवेल्हाळ

वाऱ्याचं मी सांगतो कारण माझं सगळं लक्ष त्याच्यावरच असतं.

ऊन असलेल्या दिवशी सकाळी समुद्र आणि जमीन जवळपास सारख्याच गार असतात, वारा पडलेला असतो. जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत यायला लागते, हे उशिरा सकाळी सुरू होतं आणि दुपारी सगळ्यात जोरात असतं. ती हवा कड्याला आपटली की तिला वर जाण्याशिवाय वाटच नाही. म्हणून कड्याच्या तोंडाशी सरळ वर जाणारा झोत असतो आणि पक्षी त्याच्यावर नुसते पंख पसरून उभे राहतात. कुरव आणि फुल्मार हे समुद्रपक्षी तर एकाच जागी, तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर, पंख न हलवता तरंगतात. फक्त शेपटी आणि पंखांची टोकं जरा जरा फिरवतात. एरवी पक्षी आपण खालून बघतो, पोट दिसतं. कड्यावर ते समोरून आणि वरून दिसतात, पाठीचे रंग दिसतात, मान वळवून तुमच्याकडे बघताना दिसतात. याच्यासाठी कडेवर जायची काहीच गरज नाही, वाटेवर उभं राहिलं की ते स्वतःच वर येतात.

बहिरी ससाणाही कड्यांवर घरटं करतो. तो सूर मारतो तेव्हा ताशी ३०० किमीच्या वर जातो, डोळ्याला काही कळायच्या आत खालचे कबुतरांचे थवे फुटतात.

आणि उत्तर अटलांटिकच्या बाजूचे कडे असतील तर गिलेमॉट. हा पक्षी घरटं बांधतच नाही. उघड्या कपारीवर एकच अंडं घालतो, पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झालं, अजून धड उडता येत नाही, तेव्हा ते कपारीवरून खाली समुद्राकडे उडी मारतं. बाप खालून हाका मारत असतो. संध्याकाळी हे बघायला मिळालं तर त्या दिवशी दुसरं काही बघायचं राहत नाही.

एक विनंती: वसंत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला घरट्यांचे दिवस असतात तेव्हा कडेशी माणूस दिसला की पक्षी दचकून उडतात आणि अंडी-पिल्लं उघडी पडतात, कुरव टपलेलेच असतात. पफिन पक्षी तर कड्यावरच्या गवताखाली बिळं करतात, वाट सोडून चाललं की पाय बिळात जातो आणि छत आत बसतं. वाट सोडू नका याचं हेही एक कारण आहे, तुमच्या जिवापलीकडचं.

रानजाई

पफिनच्या बिळांचं माहीत नव्हतं, मुलांना सांगेन. नुसतं "वाट सोडू नको" म्हटलं की ऐकत नाहीत, खाली कोणाचं तरी घर आहे म्हटलं की लगेच ऐकतील.

मला झाडांबद्दल सांगायचंय. कड्यावरची झुडपं बघा, सगळी एकाच दिशेने, जमिनीच्या आतल्या बाजूला झुकलेली दिसतात. लोकांना वाटतं वाऱ्याने वाकवलीत. वाकवलेली नसतात बरेचदा, खारा वारा समुद्राकडच्या बाजूचे कोवळे कोंब जाळतो आणि आडोशाच्या बाजूचे तेवढे वाढतात, म्हणून तो आकार येतो. जवळ जाऊन बघितलं की समुद्राकडच्या फांद्या वाळून टोकदार झालेल्या आणि पाठीमागे दाट पाला. त्यामुळे वारा आज पडलेला असला तरी इथला नेहमीचा वारा कुठून येतो ते झुडूप सांगतं.

आणि फुलं. थ्रिफ्ट म्हणून एक गुलाबी गोंड्याचं फूल युरोपातल्या कड्यांवर गालिचे करतं, त्याचं रोप म्हणजे जमिनीला चिकटलेली घट्ट उशी असते. खाली बसून हात लावला तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार लागते, वारा आत शिरतच नाही. भेगेतल्या मूठभर मातीवर, खाऱ्या पाण्याचे फवारे खात, ऊन खात ते उभं असतं, आणि वर ही एवढी फुलं. मला दर वेळी तिथून उठवत नाही.

औषधपाणी

उन्हाचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. दवाखान्यात दरवर्षी उन्हाने भाजलेले लोक बघते आणि त्यातले बरेच समुद्रावरून आलेले असतात आणि सगळे एकच वाक्य म्हणतात, "अहो ऊन लागतच नव्हतं, छान गार वारा होता."

तिथेच घोटाळा आहे. गरम वाटणं वेगळं आणि भाजणं वेगळं. भाजतात ते अतिनील किरण, त्यांची उष्णता जाणवत नाही. वारा घाम वाळवतो, त्वचा गार ठेवतो, आणि जी जाणीव आपल्याला सावलीत पळवते तीच काढून घेते. कड्यावर सावलीही नसते. त्यात खालून परत फिरणारे किरण: कोरडी वाळू साधारण १५ टक्के आणि समुद्राचा फेस २५ टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो. म्हणून टोपी घालूनही हनुवटीखाली, कानांच्या पाळ्यांखाली भाजतं.

यूव्ही इंडेक्स (अतिनील किरण किती तीव्र आहेत तो आकडा) ३ किंवा जास्त असेल तर काळजी घ्यायचीच, फोनवर हवामानात दिसतो. एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन निघायच्या आधी लावा आणि दर दोन तासांनी परत, कान, मानेमागे, पायाचे घोटे, टक्कल असेल तर तेही. पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट सगळ्यात बरा, तो दर दोन तासांनी लावावा लागत नाही. टोपीला हनुवटीखाली बंद हवाच, वरती पंखवेल्हाळ यांनी जो झोत सांगितला तो टोपी उडवतो आणि माणूस प्रतिक्षिप्त क्रियेने टोपीमागे धावतो. कड्यावर उडालेल्या टोपीमागे कधीही जायचं नाही, लहान मुलांना हे निघतानाच सांगून ठेवा.

पाण्याचंही तेच, घाम दिसत नाही म्हणून तहान उशिरा कळते. ठरवून प्या. आणि कोणी चिडचिडं झालं, डोकं धरून बसलं, पाय लटपटायला लागले तर फोटो थांबवा, सावली शोधा, ओआरएस द्या. गोंधळल्यासारखं बोलायला लागलं तर तो उष्माघात असू शकतो, लगेच मदत बोलवायची, अंग ओलं करून वारा घालायचा.

कॅमेरावेडा

औषधपाणी, टोपीचा मुद्दा फार महत्त्वाचा. तेच लेन्सच्या कॅपला आणि फोनलाही लागू.

माझं म्हणणं एवढंच की दुपारी बारा ते दोन कड्यावर चालूच नये. भाजण्याचं सोडा, दिसतच काही नाही. ऊन डोक्यावर असलं की थराखालच्या सावल्या नाहीशा होतात, निळाई म्हणतात तसा कडा वाचता येत नाही. पूर्वेकडे तोंड असलेला कडा सकाळी बघायचा, पश्चिमेकडचा दुपार उतरल्यावर. आणि चालायची दिशा अशी निवडायची की ऊन पाठीवर किंवा खांद्यावर राहील. तोंडावर ऊन घेऊन चाललात तर समुद्र म्हणजे नुसता चकाकणारा पत्रा, पायाखालचा दगडही दिसत नाही.

निळाई

दुपारबद्दल मात्र मी असहमत आहे. कड्यासाठी तुमचं बरोबर, पाण्यासाठी दुपारच हवी.

काठावर वाळूत उभं राहून समुद्राकडे बघितलं की आपल्याला मुख्यतः आकाशाचं प्रतिबिंब दिसत असतं, कारण नजर पाण्याला घासून जाते. कड्यावरून नजर उभी पडते. सरळ खाली पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम २ टक्के पाण्यावरून परत फिरतो, बाकी आत जातो. त्यामुळे वरून आपण पाण्याकडे बघत नाही, पाण्यात बघतो. आणि ऊन डोक्यावर असताना तळापर्यंत उजेड जातो. वाळूचा तळ असेल तिथे फिकट हिरवट निळं, खडक किंवा समुद्रशेवाळ असेल तिथे गडद जांभळट, आणि मध्ये त्याची कड इतकी स्पष्ट की वाटतं कोणी आखलीय. पाणी लाल रंग आधी शोषतं म्हणून जसजशी खोली वाढते तसतसा निळा उरतो, म्हणजे रंगावरून खोली कळते. त्यात एखादा ढग जात असेल तर त्याची सावली खोल पाण्याचा डाग वाटते आणि मग तो डाग चालायला लागतो. हे सकाळी सातला दिसत नाही हो. अतिनीलचं मान्य, पूर्ण बाह्या घालून, टोपी बांधून बघायचं, पण बघायचंच.

आणि क्षितिज. किनाऱ्यावर उभ्या माणसाला क्षितिज ५ किमीच्याही आत असतं. १०० मीटरच्या कड्यावर ते साधारण ३६ किमीवर जातं. समुद्र तोच, पण जहाज काठावरून दिसायला लागायच्या कितीतरी आधी वरून दिसतं.

कॅमेरावेडा

पाण्यासाठी दुपार, कबूल. मग पोलराइज्ड गॉगल घाला, उरलंसुरलं प्रतिबिंबही कापलं जातं आणि तळ अजून उघडा पडतो.

शांतपावली

नमस्कार, बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहितेय. मला उंचीची भीती आहे. फार नाही, गॅलरीत उभी राहते, पण मोकळ्या कड्याजवळ डोकं हलकं होतं आणि पाय जड होतात. घरचे म्हणतात सवय होईल, चल. हे सगळं वाचून जायची फार इच्छा झालीय. जमेल का?

औषधपाणी

शांतपावली ताई, यात लाजण्यासारखं काही नाही, याला शरीराचं कारण आहे. आपला तोल डोळे, कानातलं संतुलनाचं इंद्रिय आणि पायांचे स्नायू मिळून सांभाळतात. डोळ्यांचं काम जवळच्या स्थिर गोष्टी बघून चालतं. कड्यावर समोरच्या सगळ्या गोष्टी इतक्या लांब असतात की शरीर थोडं हललं तरी डोळ्यांना ते कळत नाही, मग झोक जास्त जातो आणि डोक्याला धोका वाटतो. म्हणून जवळ काहीतरी स्थिर दिसत ठेवायचं: वाटेच्या आतल्या बाजूचं गवत, खांब, पुढे चालणाऱ्याची पाठ. चालताना खाली लाटांकडे किंवा वर ढगांकडे बघायचं नाही, दोन्ही हलतात. बघायचं असेल तेव्हा थांबायचं, पाय जरा फाकवून उभं राहायचं किंवा सरळ बसायचं, मग नजर उचलायची. हातात काठी असली तर खूप फरक पडतो.

आणि घरच्यांना सांगा, ओढून न्यायचं नाही. जिथे नको वाटलं तिथून वळायचं.

पायपीट

ताई, पहिल्यांदा रुंद वाट निवडा, कडेपासून चांगली आत असलेली, अशा भरपूर असतात. आणि समुद्र तुमच्या डाव्या-उजव्या कुठल्या हाताला हवा ते ठरवून त्या दिशेने सुरुवात करा, काही लोकांना एका बाजूला कमी भीती वाटते. बरोबरच्या माणसाला समुद्राच्या बाजूने चालायला सांगा, म्हणजे तुमच्या आणि मोकळ्या बाजूच्या मध्ये कायम कोणीतरी जवळ, स्थिर असेल.

शांतपावली

पुढे चालणाऱ्याची पाठ, हे करण्यासारखं आहे. खूप आभार तुम्हा दोघांचे. अजून एक विचारू का, या वाटा एवढी वळणं का घेतात? सरळ का जात नाहीत? नकाशा बघत होते तर प्रत्येक बारक्या खाचेत आत जाऊन परत बाहेर येते वाट.

पायपीट

काही ठिकाणी जमीन सरकल्यामुळे. पण साउथ वेस्ट कोस्ट पाथचं कारण वेगळंच आहे. ती वाट पडली तटरक्षकांच्या गस्तीमुळे. चोरटा माल उतरवणाऱ्या होड्या लहान लहान खाचांमध्ये लपायच्या, आणि गस्तवाल्याला प्रत्येक खाचेत डोकावता आलं पाहिजे म्हणून वाट कड्याला धरून प्रत्येक खाचेत आत जाते. आज आपल्याला दर वळणावर नवीन दृश्य मिळतं ते त्यांच्या नोकरीमुळे. वेल्सने तर २०१२ मध्ये आपल्या अख्ख्या किनाऱ्याची सलग वाट केली, साधारण १,४०० किमी.

रानजाई

वाटेत खाली पुळणीवर उतरायला पायऱ्या असतात बऱ्याचदा. उतरावं का? मुलं थांबत नाहीत.

भूगोलवेडा

भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून उतरा, नाहीतर नको. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणजे काल ज्या वेळी पुळण मोकळी होती त्याच्या पाऊणएक तास पुढे आज मोकळी होणार, कालच्या अनुभवावर जाऊ नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त वर येतं आणि पटकन येतं. ओहोटी चालू असताना उतरा, पाणी परत फिरायच्या आत पायऱ्यांपाशी या. एका पुळणीवरून टोकाला वळसा घालून दुसऱ्या पुळणीवर जायचा मोह टाळा, अडकणारे लोक बहुतेक असेच अडकतात, दोन्हीकडे टोक आणि पाठीमागे कडा. आणि मुलांना कड्याच्या अगदी पायथ्याशी, सावली मिळते म्हणून, बसवू नका. वरचे दगड तिथेच येतात. ताजा, फिकट रंगाचा ढिगारा दिसला तर तिथून तर लांबच.

रानजाई

कळलं. वेळापत्रक काढलंय, रविवारी ओहोटी दुपारी आहे. सकाळी वरून टोकापर्यंत जाऊ, तिथून बघून घेऊ खाली कुठे बसता येईल, आणि मग उतरू.

सडाफटिंग

रानजाई, तिकडून फोटो टाका, मागे वळून काढलेले.